वन्सं, तो डॅम्पर तुमचा होता

ईशान आणि रेवा,

तुमच्या आत्याआजी गेल्या हे आईने तुम्हाला सांगितलंच आहे. तेरावा झाला की शांतपणे सविस्तर लिहीन, असं मी तिला म्हटलं होतं. तेरावा होऊनही आता बरेच दिवस झाले. शांतपणा काही आला नाही, म्हणून तशीच लिहायला बसले आहे. आत्याआजींच्या शोकसभेत मी माझ्या कानांनी एक खोटी गोष्ट ऐकली. सभागृहातल्या लोकांनी तिच्यावर माना डोलावल्या. उद्या तुम्ही इथे याल तेव्हा शनिवार पेठेत कोणीतरी तुम्हालाही तीच गोष्ट सांगेल. त्याआधी खरी गोष्ट तुमच्या हाती पडावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं आणि तुम्हाला मी एरवी इंग्रजीतच लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण हे मला त्यांच्याशी बोलायचं आहे आणि त्यांच्याशी मी उभ्या आयुष्यात कधी इंग्रजीत भांडले नाही. आईकडून वाचून घ्या, अडेल तिथे तिला विचारा. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. नणंद वयाने लहान असली तरी आमच्या घरी तिला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची रीत होती. त्या मला वहिनी म्हणायच्या. यापुढचं त्यांना. तुम्ही ऐका.

वन्सं,

गाडीचं काम चाललं होतं तेव्हा तुम्ही गॅरेजात चहा पोचवत होतात, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. तेच, ज्यांच्या जाकिटावर सगळ्या रॅलींचे बिल्ले असतात. म्हणाले, नानासाहेबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, त्या काळात लष्करी ट्रकचा डॅम्पर आपल्या इंग्लिश गाडीला बसवला, असा जुगाड पुण्यात दुसरा झाला नाही. पुढे म्हणाले, आणि त्यात इंदूताईंचाही खारीचा वाटा होता, भावासाठी त्या स्वतः चहाचा थर्मास घेऊन गॅरेजात जात असत. चहा, वन्सं. तुमच्या हातचा. मामंजी डॉक्टर होते, ते म्हणायचे की इंदूचा चहा पेशंटला दिला तर तो भीतीनेच बरा होईल. कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईच्या शोकसभेत लोकांना तिचा चहा आठवावा आणि तोही तिने कधी न केलेला.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "डॅम्पर नानासाहेबांनी नाही बसवला. वन्संनी बसवला."

अध्यक्ष समजूतदारपणे हसले. तसं हसणं मला चांगलं ओळखू येतं, ते बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं आणि मी आता दोन्हींत बसते. "काकूंचं नणंदेवर किती प्रेम होतं ते आपण सारे जाणतोच," ते म्हणाले. दोन-तीन जणींनी डोळ्यांना रुमाल लावले. मी खोटं बोलते आहे असंही कोणी म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर वाद तरी घालता आला असता.

एवढ्यावर थांबले असते तर मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले असते आणि गप्प बसले असते. पण त्यांनी पुढचं सांगितलं. आता मूळ कंपनीच्या नमुन्याचा नवा डॅम्पर इंग्लंडहून मागवता येतो. तेव्हा तो जुगाड काढून टाकू, गाडी मूळ रूपात आणू आणि हिवाळ्यातल्या रॅलीत उतरवू, हीच इंदूताईंना खरी श्रद्धांजली. सभागृहात टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. आणि आमचा श्रीधर, माझा मुलगा, तुम्ही ज्याला त्रिकोणमिती शिकवलीत तो, पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

जुगाड हा शब्द तुम्हाला खपत नसे. "चालेल का ते बघू, म्हणजे जुगाड," तुम्ही म्हणायच्या. "मी आधी बघितलं होतं."

ते काय बघितलंत, हे आता मी लिहून ठेवणार आहे. तुम्ही मला कधी लिहू दिलं नाही. आता अडवायला तुम्ही नाही.

मामंजींची गाडी सहा सिलिंडरची, इंग्लंडची. तिच्यातून ते पार सासवडपर्यंत पेशंट बघायला जायचे. एका पावसाळ्यानंतर ती ठराविक वेगाला आली की पुढच्या बाजूने घरघरायला लागली. वेग कमी केला की घरघर बंद, वाढवला तरी बंद. गॅरेजवाल्यांनी इंजिनाच्या पुढच्या टोकाची पुली काढून दाखवली. मध्ये एक हब, म्हणजे भोकाचा गाभा, त्याभोवती जड लोखंडी कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराचा पट्टा. रबर कुजलं होतं आणि कडं हातानेही फिरत होतं. गॅरेजवाला म्हणाला, ही काढा आणि साधी पुली टाका, पंख्याचा पट्टा फिरवायलाच तर आहे ती, काही होत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी मध्येच सांगते. ती नुसती पुली नव्हती. इंजिनात एक लांब लोखंडी दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात, आणि सहाही सिलिंडर त्याच्यावर पाळीपाळीने घाव घालतात. प्रत्येक घावाला तो जरासा पिळतो आणि परत सुटतो. एखाद्या वेगाला ही पिळण्याची लय आणि घावांची लय जुळते, आणि मग पीळ वाढतच जातो. त्या जड कड्याचं काम एवढंच, की रबराच्या आधाराने उलट्या लयीत थरथरायचं आणि क्रँकची थरथर स्वतःवर घ्यायची. म्हणून त्याला डॅम्पर म्हणतात. तो नसेल तर गाडी चालते, अगदी छान चालते, आणि एक दिवस क्रँक तुटतो. डेक्कनवरच्या एका वकिलांनी तशाच गाडीला साधी पुली लावली होती. खंडाळ्याच्या घाटात त्यांच्या क्रँकचे दोन तुकडे झाले. हे मला वन्संनी स्वयंपाकघरात लाटणं दोन्ही हातांत पिळून समजावलं होतं. पोळ्या माझ्याच लाटायच्या राहिल्या होत्या.

नवा डॅम्पर मिळणं शक्य नव्हतं. परवान्यांचे दिवस होते, बाहेरून सुटा भाग आणायचा म्हणजे कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवा. मामंजी म्हणाले, भंगारात द्या, मी रिक्षाने जाईन. सासवडला रिक्षाने. वन्सं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसऱ्या गाडीचा बसवता येईल. कुठल्याही नाही. बघून."

त्यानंतर किती रविवार आपण जुन्या बाजारात घालवले. तुमचे दादा पुढे, आपण दोघी मागे. लष्कराच्या मोडीत निघालेल्या ट्रकांचे सुटे भाग तिथे पोत्यांवर मांडलेले असायचे. तुम्ही एकेक डॅम्पर उचलायच्या आणि रबरात अंगठ्याचं नख रोवून बघायच्या. नख उमटून परत भरून आलं तर रबर जिवंत, ठसा राहिला तर मेलेलं. मग पर्समधून व्हर्निअर काढून हबचं भोक मोजायच्या. विकणाऱ्याने ह्यांना विचारलं, "बाई सोनार आहेत का?"

तुम्ही त्याला विचारलंत, हा कुठल्या ट्रकचा, इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं. तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, पेट्रोलचा आहे, सहा सिलिंडरचा."

"मला कशाला सांगता? त्यांनी विचारलंय, त्यांना सांगा," हे म्हणाले.

"मग तुम्हीच त्यांना सांगा ना साहेब, तुम्ही घरचे," तो म्हणाला.

तेव्हा आपण तिघंही हसलो. मला वाटतं, नंतर जे झालं त्याची सुरुवात तिथेच झाली. तेव्हा हसायला नको होतं, असं आता वाटतं.

डॅम्पर घरी आला आणि तुमचं खरं काम सुरू झालं. गाडी कुठल्या वेगाला घरघरते ते तुम्ही ह्यांच्या शेजारी बसून पुन्हापुन्हा पाहिलंत आणि त्यावरून आपल्या क्रँकच्या थरथरीचा सूर काढलात. मग त्या ट्रकच्या डॅम्परचा स्वतःचा सूर कोणता, ते शोधायचं होतं. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, प्राचार्यांची रीतसर परवानगी काढून, रविवारी दुपारी काळे पडदे ओढून आपण दोघी बसलो. हब शिकंज्यात आवळला. कड्यावर लाखेने छोटासा आरसा चिकटवला, आणि त्यावर दिव्याची तिरीप पाडली, की तिचा ठिपका समोरच्या भिंतीवर. लाउडस्पीकरची कॉइल कड्याला टेकवून तुम्ही ते थरथरवायच्या, मी सूर बदलणाऱ्या यंत्राची खुंटी फिरवून आकडा मोठ्याने वाचायची. ठिपक्याची रेघ व्हायची, रेघ लांबत जायची आणि एका आकड्यानंतर पुन्हा आखडायची. जिथे ती सर्वांत लांब झाली तिथे तुम्ही म्हणालात, "थांबा वहिनी. परत मागे." मी इंग्रजी साहित्याची एम.ए. मला त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता. पण त्या अंधारात तुमचा आवाज जसा झाला होता तसा मी घरात कधी ऐकला नव्हता. घरात तुम्ही कधी कोणाला "थांबा" म्हणायच्या नाहीत.

कडं आपल्या इंजिनासाठी जड आहे, सूर खाली आहे, असं निघालं. म्हणजे कडं लेथवर कापून हलकं करायला हवं. कसब्यातल्या लेथवाल्या मिस्त्रींनी हबच्या भोकात बसेल असा नळीसारखा बुश करून दिला, हब क्रँकवर घसरू नये म्हणून चावीचा, म्हणजे लोखंडी पाचरीचा, गाळा कापला, आणि ट्रकच्या पुलीचा पट्टा आपल्या पंख्याच्या रेषेत यावा म्हणून मागे एक चकती बसवली. पण कडं कापायला ते तयार होईनात. तुमचे दादाही त्यांच्या बाजूला. चांगला माल कशाला कापायचा, आधी आहे तसा लावून बघू, दोघांचं एकच म्हणणं.

तुम्ही म्हणालात, "लावा. घरघर जाणार नाही, फक्त खालच्या वेगाला सरकेल." आणि कोणत्या वेगाला, तेही सांगितलंत.

स्वारगेटवरून निघालो, कात्रजच्या चढाला लागलो, आणि तुम्ही सांगितलेल्या वेगाला घरघर सुरू झाली. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "इंदू, तू हे गाडीला आधी सांगून ठेवलं होतंस की काय?" वन्सं, एवढं कौतुक त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीचं केलं नाही. मला हेवा वाटला नाही, मला फार अभिमान वाटला. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, ते आता सांगते.

मग कडं कापलं. एकदम नाही, थोडं थोडं. दर वेळी प्रयोगशाळेत आणायचं, पडदे ओढायचे, ठिपका बघायचा आणि परत लेथवर न्यायचं. मिस्त्री वैतागले, मीही वैतागले. तुम्ही नाही वैतागलात. शेवटी ट्रकच्या पुलीवरची टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची, खूण पुसून आपल्या इंजिनाच्या मापाने नवी कोरलीत. त्यानंतर पुन्हा कात्रज. सगळे गिअर, सगळे वेग, कुठेच घरघर नाही. मामंजी मागच्या सीटवर झोपी गेले. ती त्यांची पसंती समजायची.

ह्यांनी सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं. "अहो, मी नाही केलं, इंदूने केलं." लोक त्यांच्या पाठीवर थाप मारायचे, किती हा मोठेपणा म्हणायचे. जितकं सांगावं तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. मग हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. मी त्यांना विचारलं, का हो, आता का बोलत नाही? म्हणाले, कोणी मानत नाही. ते खरं होतं. पण वन्सं, लोक मानत नाहीत म्हणून माणसाने खरं सांगणं बंद करायचं, हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. ते गेले, त्यांच्याशी आता काय भांडणार. तुमच्याशी भांडते.

कारण तुम्ही तर एकदाही बोलला नाहीत.

दर दसऱ्याला आपलं हेच भांडण. सगळं शहर गाडीला हार घालायचं. तुम्ही हार घालण्याआधी बॅटरी घेऊन बॉनेटखाली वाकायच्या. डॅम्पर बसवला तेव्हा हबवरून कड्यावर जाणारी एक सरळ रेघ तुम्ही कोरून त्यात पांढरा रंग भरला होता. रबर कधीतरी सुटणार, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रेघ सरळ म्हणजे कडं जागेवर आहे. रेघ मध्येच तुटलेली दिसली म्हणजे कडं हबवरून सरकलं, रबर संपलं. "त्या दिवशी डॅम्पर काढायचा. तेव्हा भावना मध्ये आणायची नाही," तुम्ही म्हणायच्या. दर वर्षी तुम्ही बघायच्या, "सरळ आहे," म्हणायच्या, आणि मग झेंडूचा हार.

हार ओवता ओवता मी म्हणायची, "लोक काय म्हणतात ते तुम्ही ऐकता आणि खुशाल हसता."

"वहिनी, दादाने मला शिकू दिलं. मी त्याला एक पुली दिली. फिटंफाट."

"शिकू दिलं म्हणजे? शिकणं काय त्यांच्या मालकीचं होतं?"

"तुम्ही तेव्हा या घरात आला नव्हतात. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा दादा दारात उभा राहून सगळ्यांना म्हणाला, इंदूची पदवी होईपर्यंत या घरात चहा-पोहे होणार नाहीत. आप्पांसमोर म्हणाला, तुमच्या मामंजींसमोर. त्याचं वय काय होतं तेव्हा?"

ह्यावर मला काय म्हणायचं होतं ते मी कधी पूर्ण म्हटलं नाही, कारण तुमचे डोळे भरून यायचे आणि मी झेंडूकडे बघायची. आज म्हणते. भावाने बहिणीच्या बाजूने एकदा उभं राहणं हे काही कर्ज नव्हे, की ती त्याला जन्मभर आपलं नाव देत राहील. त्यांनी तुमच्यासाठी एकदा दार अडवलं. तुम्ही त्यांच्यासाठी जन्मभर आपलं तोंड बंद ठेवलंत. ह्यात फिटंफाट कुठे आहे? आकडेमोड तुमचा प्रांत होता, माझा नाही, पण एवढा हिशेब मलाही कळतो. शिवाय तुम्हाला वाटायचं की नुकसान फक्त तुमचं. तसं नाही. पेठेतल्या कितीतरी मुली तुमच्या हाताखालून गेल्या. त्यांना प्रकाशाचं परावर्तन शिकवताना तुम्ही तो आरसा, तो ठिपका, ती कात्रजची गाडी सांगू शकला असता. त्याऐवजी पुस्तकातला आरसा शिकवलात. ह्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

गेल्या दसऱ्याला तुम्ही दवाखान्यात होतात. बॉनेट कोणी उघडलं नाही. श्रीधरने वरूनच हार घातला.

तर शोकसभेनंतर मी श्रीधरला घरी बसवून सांगितलं की डॅम्परला हात लावायचा नाही. गाडी माझ्या नावावर आहे, रॅलीत जाणार नाही, इंग्लंडचा सुटा भाग मागवायचा नाही, आणि अध्यक्षांना आपल्या पार्किंगमध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही. श्रीधर म्हणाला, "आई, आत्या गेली. नानाही गेले. आता कोणी बसवला त्याने काय फरक पडतो?"

"तुझं नाव तुझ्या कामावरून काढून टाकते आणि मग विचारते काय फरक पडतो," मी म्हणाले.

तो उठला. मग म्हणाला, "आत्याची ती रेघ तरी बघितली का कोणी?"

मी बघितली असं म्हणू शकले नाही आणि बघायची नाही असंही म्हणू शकले नाही. तुमचा नियम मोडून तुमची बाजू कशी घेणार? आम्ही दोघं खाली गेलो. जुना वाडा पाडून झालेल्या ह्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी आपल्या कोपऱ्यात उभी आहे, तुम्ही शिवलेल्या मांजरपाटाच्या खोळीत. श्रीधरने बॉनेट उघडलं आणि बॅटरी धरली. मला वाकवत नाही, पण मी वाकले.

रेघ तुटली होती. हबवरचा अर्धा भाग एकीकडे आणि कड्यावरचा अर्धा बोटभर पलीकडे.

वन्सं, मी तिथे उभी राहून तुमच्यावर जितकी चिडले तितकी अध्यक्षांवरही चिडले नव्हते. मी तुमच्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलं आणि तुम्ही माझ्याविरुद्ध आधीच निकाल देऊन ठेवलेला. वर माझ्याच घरातल्या नियमाने. वाद जिंकायची ही कुठली पद्धत? जिवंत असताना कधी जिंकू दिलं नाहीत, आणि आता तर उत्तरही देत नाही. श्रीधर हळूच म्हणाला, "आई, राहू दे. कोणाला कळणार आहे?" मला वाटलं, हा शेवटी बापाचा मुलगा. मी म्हणाले, "आत्याला कळलं असतं. काढायचा."

म्हणून तो डॅम्पर निघाला. श्रद्धांजली म्हणून नाही, रॅलीसाठी नाही आणि जुगाड म्हणून तर नाहीच. त्याचं आयुष्य संपलं होतं आणि तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे संपल्याच्या खुणेवर निघाला. हे मी श्रीधरकडून अध्यक्षांना जसंच्या तसं कळवलं. ते म्हणाले, काकूंची भावना समजते. त्यांना काही समजत नाही.

कडं केव्हा सरकलं कोणास ठाऊक, म्हणून मी म्हटलं की नुसता नवा बसवायचा नाही, इंजिन उघडून क्रँक तपासायचा. नाना पेठेतल्या कारखान्यात इंजिन उतरवलं. अध्यक्ष तिथेही आलेच. बाकावर डॅम्पर उलटा ठेवला होता. त्याच्या मागच्या बाजूला लेथने कापलेल्या पायऱ्या अजून स्पष्ट दिसतात. मी श्रीधरला एकेक पायरी दाखवली. ही पहिल्या कापाची, ह्यानंतर प्रयोगशाळा. ही दुसऱ्याची, ह्यानंतर पुन्हा प्रयोगशाळा. ह्या पायरीवर मी म्हटलं होतं की आता पुरे आणि आत्या म्हणाली अजून नाही. श्रीधर ऐकत राहिला. मग बोटाने त्या पायऱ्या चाचपून म्हणाला, "शेवटची सगळ्यांत पातळ आहे." मी म्हटलं, हो, तिथे येईपर्यंत ती घाबरायला लागली होती, कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

कारखान्यातल्या माणसाने क्रँक धुतला, तेलात बुडवला, पुसून कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड उडवली. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल पुडीवर काळं उमटतं. आम्ही सगळे बघत उभे होतो. पूड पांढरीच राहिली. तो माणूस म्हणाला, इतक्या जुन्या सहा सिलिंडरचा क्रँक असा निघत नाही.

"नानासाहेबांची कमाल," अध्यक्ष म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात श्रीधर म्हणाला, "नानांची नाही. आत्याची. नानांना डॅम्परची चावी कुठे बसते तेही माहीत नव्हतं." त्याचा आवाज चढलेला नव्हता. वेळ विचारली की सांगावी तसं त्याने सांगितलं. अध्यक्ष ह्या वेळी हसले नाहीत. श्रीधरला ते काकू म्हणू शकत नाहीत.

मुलांनो, शेवटी इंग्लंडहूनच मागवलेला नवा डॅम्पर आता बसला आहे आणि गाडी रॅलीत जाणार नाही. वन्सं, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्ही मला गाडी चालवायला शिकवलीत, हे गेले तेव्हा माझ्याजवळ झोपायला आलात, आणि मला एका अंधाऱ्या खोलीत बसवून तुमचं खरं काम बघू दिलंत. त्याबद्दलची कृतज्ञता आणि हा राग ह्यांतलं एक दुसऱ्याने कमी होत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

तुमचा डॅम्पर माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. रबर गेलं आहे, रेघ तुटलेली आहे. क्रँक मूळचाच आहे आणि त्याला तडा नाही.